शाळेचं मैदान: फरशी उखडावी की वर रबर अंथरावं?

चिखलपाय (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेतल्या पालक-शिक्षक समितीत माझी वर्णी लागली आहे. पहिल्याच बैठकीत मैदानाचा विषय निघाला आणि मी तोंड उघडलं, त्यामुळे आता तो विषय माझ्याच गळ्यात पडलाय.

मैदान असं आहे: मधोमध काँक्रीट, कडेने पेव्हर ब्लॉक, एका कोपऱ्यात लोखंडी घसरगुंडी आणि दोन झोपाळे. झाडं तीन. तिन्हींच्या बुंध्याला काँक्रीट अगदी चिकटून ओतलंय, जणू झाडं नंतर कुणीतरी खोचली असावीत. जोराचा पाऊस आला की फाटकाजवळ घोटाभर पाणी साचतं आणि दोन तासांनी सगळं खडखडीत कोरडं. उन्हाच्या दिवसांत मधल्या सुट्टीत मुलं खेळत नाहीत. भिंतीलगत हातभर रुंद सावली पडते, तिच्यात पाठ टेकून ओळीने उभी राहतात. हे मी फाटकाबाहेरून पाहिलं आणि झोप उडाली.

समितीपुढे एकच प्रस्ताव आहे, काँक्रीटवर रंगीत रबर आणि नवी तयार खेळणी. चित्र फार सुंदर आहे. विक्रेत्याने रबराचा वीतभर तुकडा नमुना म्हणून दिला. तो मी मैदानात उन्हात ठेवला आणि दुपारी दोन वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळीकडे मोजलं. हवा ३६ अंश होती. काँक्रीट ५१, रबर ६३, झाडाखाली जेमतेम उघडी राहिलेली माती ३३. घसरगुंडी मात्र ३८ दाखवत होती आणि हात लावला तर चटका बसला. थर्मामीटर बिघडलाय का?

मला वाटतं, काँक्रीट फोडून माती, झाडं, ओंडके, पाणी असं काहीतरी करावं. पण 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, ते कळत नाही. कुणी केलं असेल तर सांगा.

---

मोजपट्टी

थर्मामीटर शाबूत आहे. ही बंदूक वस्तूतून निघणारी उष्णतेची किरणं मोजते. चकचकीत धातू स्वतः फार कमी किरणं सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, म्हणून आकडा खोटा येतो. घसरगुंडीवर काळी चिकटपट्टी लावा, पाच मिनिटं थांबा आणि पट्टीवर मोजा. खरा आकडा दिसेल.

आणखी एक. झाडाखाली हवेचं तापमान फारसं उतरत नाही, एखाद-दोन अंशांचा फरक पडतो. तरी तिथे बरं वाटतं, कारण डोक्यावरून ऊन आणि खालून तापलेली जमीन असा दुहेरी मारा थांबतो. लहान मुलांची उंची कमी, त्यामुळे जमिनीची धग त्यांना आपल्याहून जास्त लागते. समितीत 'हवा तर तेवढीच आहे की' असं कुणीतरी म्हणेलच, तेव्हा हे सांगा.

---

तिरकस

मुलं चिखलात लोळणार आणि तुम्ही त्याला निसर्गशिक्षण म्हणणार. घरी कपडे कोण धुणार, ते पण त्या चित्रात काढा.

---

खडूफळा

मी शिक्षिका आहे. आमच्या आधीच्या शाळेत असा बदल झाला आणि पहिल्या वर्षी तो सपशेल फसला. कसा, ते सांगते, कारण फोटोतली हिरवी मैदानं सगळेच दाखवतात.

काँक्रीट फोडलं, माती टाकली, एका दिवसात दोनशे रोपं लावली. पाहुणे, भाषणं, फोटो सगळं झालं. तीन महिन्यांनी मोजून अकरा रोपं उरली. सुट्टी लागल्यावर पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. शिवाय रोपं लावली होती ती मुलांच्या रोजच्या पळण्याच्या वाटेवर. मुलं बिचारी पळायची तिथेच पळाली.

दुसऱ्या वर्षी आम्ही आधी नुसतं पाहिलं. दोन आठवडे रोज मधल्या सुट्टीत मैदानाचा कच्चा नकाशा घ्यायचा आणि दर पाच मिनिटांनी कोण कुठे आहे तिथे टिंब काढायचं, मुलींसाठी एक रंग, मुलांसाठी दुसरा. कागद भरल्यावर सगळे गप्प झाले. मधला पाऊण भाग फुटबॉल खेळणाऱ्या वीसेक मुलांच्या ताब्यात होता. बाकीची दीडशे मुलं, त्यात जवळजवळ सगळ्या मुली, कडेच्या पट्टीत. ही गोष्ट एकाच शाळेची नाही. पॅरिस, बार्सिलोना इथे शाळांची अंगणं बदलताना हाच मुद्दा पुढे आला. आम्ही चेंडूचा खेळ एका बाजूला सरकवला, लहान केला आणि मधोमध मातीची टेकडी केली. आठवडाभर तक्रारी आल्या. मग त्याच मुलांनी टेकडीवर वेगळेच खेळ काढले.

सांगायचं एवढंच, रोपं शेवटी लावा.

---

पानगळ

खडूफळाताईंना +१.

चिखलपाय, तुमच्या त्या तीन झाडांना आधी मोकळं करा. नवीन शंभर रोपांपेक्षा ती तीन झाडं मोलाची आहेत. सावली आज देतात, दहा वर्षांनी नव्हे. झाडाची खाणारी-पिणारी मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणून काँक्रीट काढताना यंत्र लावू नका. हाताने फोडा, एका दमात सगळं काढू नका आणि उघड्या पडलेल्या मुळांवर लगेच ओलसर माती टाका. बुंध्याभोवती मातीचा ढीग करायची हौस अनेकांना असते. तसं केलं की खोडाची साल कुजते. पालापाचोळा चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर लांब.

एवढं करून तिथे मुलांना नाचू दिलं तर माती पुन्हा दगडासारखी दाबली जाते. मुळांवर लाकडी फळ्यांचा थोडा उचललेला ओटा करा. बसायला जागा होते आणि माती श्वास घेते.

नवीन रोपं लावाल तेव्हा कण्हेर टाळा, पिवळी पण. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि भातुकलीत पानं-फुलंच वाटली जातात. शोभेची म्हणून ती किती शाळांच्या कुंपणाला असते, देव जाणे.

---

तिरकस

आणि पडलं कुणी त्या टेकडीवरून? हात मोडला तर पालक ओंडक्यावर खटला भरणार आहेत की मुख्याध्यापकांवर?

---

मोजपट्टी

तिरकसराव, प्रश्न रास्त आहे, टोमणा सोडून देऊ.

पडणं थांबवता येत नाही, कशावर पडतात ते ठरवता येतं. युरोपातल्या खेळण्यांच्या मानकात पडण्याची उंची जास्तीत जास्त ३ मीटर धरली आहे. खाली लाकडाचा मोठा चुरा ३० सेंटीमीटर असेल तर तेवढ्या उंचीला चालतो. वर आणखी १० सेंटीमीटर टाकतात, कारण मुलांच्या पायांनी तो बाजूला सरतो. साधारण २ मीटर उंचीला २० अधिक १० पुरतं. रबर हे काम करतं, नाही असं नाही. पण ते तापतं, आणि चुऱ्यासारखं दर वर्षी वरून भर घालून भागत नाही.

धोका आणि घातक वस्तू यांत फरक करावा लागतो. ओंडका उंच आहे, हे मुलाला दिसतं. तो आपला अंदाज घेतो, पाय टाकून बघतो, परत फिरतो. त्याच ओंडक्यातून बाहेर आलेला खिळा त्याला दिसत नाही. खिळा काढणं आपलं काम, उंची मुलावर सोडा. नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलं स्वतःहून कोणती धाडसं शोधतात त्याचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोकादायक हत्यारं, पाणी-आगीसारख्या जागा, दांडगाई आणि नजरेआड होणं. शेवटचा प्रकार वाचून मला माझं बालपण आठवलं. झुडपाच्या आत एक पोकळी होती, आम्ही तिला कचेरी म्हणायचो.

---

खडूफळा

त्या पोकळीबद्दल थोडं. मुलाला वाटलं पाहिजे की आपण लपलोय, आणि उभ्या शिक्षिकेला त्याचं डोकं दिसलं पाहिजे. म्हणून झुडपं कमरेएवढी ठेवावीत आणि मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या असाव्यात. दाट मियावाकी, म्हणजे खेटून खेटून रोपं लावलेलं छोटं जंगल, लावायची टूम निघाली होती आमच्याकडे. आत मूल शिरूच शकत नाही हो! कुंपणालगत धूळ-आवाज अडवायला ठीक, खेळायला नाही.

---

चाकांचीसखी

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो. अशा चर्चेत मी सहसा गप्प बसते, कारण 'सगळ्यांसाठी खुलं मैदान' या वाक्यानंतर लाकडाचा चुरा येतो आणि चुऱ्यात चाक रुततं.

रबराच्या बाजूने बोलणारे आम्हीच असतो, हे लक्षात घ्या. आम्हाला ते मऊ लागतं म्हणून नव्हे, चाक फिरतं म्हणून. त्यामुळे ते काढणार असाल तर बदल्यात काय देणार, ते आधी सांगा.

मला काय हवंय? एक घट्ट, सपाट वाट. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर थांबावं लागू नये इतकी, म्हणजे पावणेदोन-दोन मीटर रुंद. ती कुठेतरी जाऊन संपू नये, फिरून परत यावी. चढ असेल तर वीस हातांना एक हात, त्याहून जास्त नको. वाळूची पेटी टेबलाएवढी उंच, खाली गुडघे जातील अशी. पाण्याचा नळ खाली बसून पोचता येईल असा. टेकडीला वळसा घालत वर जाणारी वाट करा ना, सगळेच तिच्यावरून पळतील.

परवा त्याला एका मैदानात रॅम्पवरून वरच्या ओट्यापर्यंत नेलं. वर गेल्यावर काय, तर एक रंगीत चक्र. ते फिरवायचं आणि परत खाली यायचं. त्याने दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "आई, खाली सगळे चिखलात आहेत."

---

चिखलपाय

हे वाचून मी नकाशा पहिल्यापासून काढायला घेतलाय. वाट आधी, बाकी सगळं तिच्या आजूबाजूला.

काळ्या चिकटपट्टीवर मोजलं. घसरगुंडी ६१.

---

मोजपट्टी

आता पाण्याकडे या. फाटकाजवळचं घोटाभर पाणी कुठून येतं? बहुधा छतावरून. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. छत ४०० चौरस मीटर असेल आणि तासात २५ मिलिमीटर पडला, तर १०,००० लिटर. पन्हळीतून ते थेट काँक्रीटवर सोडलंय, म्हणून फाटकाशी तळं होतं.

या पाण्यासाठी मैदानात उथळ खोलगट जागा करा. ५० चौरस मीटर आणि १५ सेंटीमीटर खोल केली तरी ७,५०० लिटर मावतात. इमारतीच्या पायापासून निदान ३ मीटर लांब ठेवा. खोदण्याआधी परीक्षा घ्या: हातभर खड्डा करायचा, पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या वेळी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. दुसऱ्याच वेळचा आकडा धरायचा, कारण कोरडी माती पहिल्यांदा अधाशासारखी पिते. तासाला अडीच सेंटीमीटर उतरलं तर भरलेला खळगा सहा तासांत रिकामा होतो. अजिबात उतरत नसेल तर चिकणमाती आहे, तिथे खालून खडीचा थर आणि निचऱ्याची नळी लागेल.

लोक एक गोष्ट हमखास विसरतात. खळगा भरून वाहिला तर पाणी कुठे जाणार, ती वाट आधीच करून ठेवायची. नाहीतर ते वर्गात जातं.

---

आरोग्यम्

साचलेलं पाणी म्हटल्यावर 'डास' असा प्रतिसाद येणार, म्हणून आधीच लिहितो. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उन्हाच्या दिवसांतही साधारण आठवडा लागतो. दोन दिवसांत जिरणाऱ्या खळग्यात त्याचं जमत नाही. डासांचं खरं माहेरघर म्हणजे खेळायला ठेवलेले जुने टायर. त्यांच्या आत पाणी राहतं आणि कुणाला दिसत नाही. ठेवायचेच असतील तर तळाला भोकं पाडा, नाहीतर मातीने गच्च भरा.

मातीतल्या जंतूंबद्दल फिनलंडमधला एक छोटा अभ्यास वाचनीय आहे, २०२० सालचा. काही बालसंगोपन केंद्रांच्या अंगणात जंगलातली माती-गवताची चादर आणून अंथरली आणि मुलांना तिथे रोज खेळू दिलं. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या काही खुणा चांगल्या दिशेने सरकल्या. एकूण ७५ मुलं होती, तेव्हा लगेच ढोल बडवू नका. धनुर्वाताची लस वेळेवर घ्या, खेळून आल्यावर हात धुवा. शाळेची जागा पूर्वी कारखान्याची किंवा गॅरेजची असेल तर मातीतलं शिसं तपासल्याशिवाय काहीही उकरू नका. यात तडजोड नाही.

---

वाचनमात्र

सहा वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका शाळेत झाडलोट करतो, एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे असं मैदान झालं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. उद्घाटनाला सगळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा वर्गांत वाळू, जिन्यात चिखल, बेसिनमध्ये खडे. एक माणूस, एक खराटा. महिनाभरात मुख्याध्यापकांनी पावसात मैदानावर जायला बंदी घातली. माझ्यामुळे घातली असं मुलांना सांगितलं, ते मला अजून लागतं.

मग मीच सांगितलं की बंदी नको, दारात सोय करा. मैदानातून आत येताना आधी खडबडीत दगडी पट्टा, पाच-सहा पावलांचा. मग लोखंडी जाळी, खाली खड्डा. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर तीन नळ, त्यांचं पाणी सरळ झाडांना. आत काथ्याची लांब चटई. बूट ठेवायला फळी. नळाखाली गाळ बसायला टाकी केली, दर शनिवारी उपसतो, दोन घमेली निघतात. तेव्हापासून वर्गात वाळू येते, पण सुपलीत मावते.

पानं झाडायची नाहीत हे शिकायला मला वेळ लागला. हात थांबत नव्हता. आता मुलं त्या पानांचा ढीग करतात, मी बघतो.

---

खडूफळा

काका, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या शाळेतही सफाईच्या मावशींना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

---

तिरकस

काका, मानलं. कपड्यांचा प्रश्न मागे घेतो.

---

उचापत्या

पैसे कुठून आणायचे यावर कुणी बोलत नाहीये. शिकागोत २०१४ पासून 'स्पेस टू ग्रो' नावाने शाळांची मैदानं बदलली, तिथे शिक्षण खात्याबरोबर पाणी आणि सांडपाणी बघणाऱ्या संस्थांनीही खर्च उचलला. कारण मैदानाने पाऊस धरून ठेवला की गटारांवरचा भार कमी होतो. त्यांच्या दृष्टीने ही पाण्याची टाकीच, वर मुलं खेळतात एवढंच. बार्सिलोनाने ११ शाळांत पाणी, झाडं-सावली आणि इमारतीतले बदल एकत्र केले आणि उन्हाळ्यात ती अंगणं परिसरातल्या लोकांना उघडी केली. पॅरिसच्या शाळांची अंगणं सगळी मिळून ७० हेक्टरांच्या वर भरतात, २०१७ पासून ती एकेक करून बदलताहेत. तात्पर्य, 'मुलांसाठी निधी द्या' म्हणत दार वाजवलंत तर एकच खातं उघडेल. उष्णता, पूर, वस्तीला बाग, अशी बाकीची दारंही वाजवून बघा.

---

पानगळ

अवांतर: तयार खेळणी घेण्याआधी ओंडके, फळ्या, दोर, बादल्या, कापडं एवढंच ठेवून बघा. ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेलं सूत्र हेच होतं, ज्या जागेत हलवता-जोडता येणाऱ्या वस्तू जास्त तिथे कल्पनाही जास्त सुचतात. त्याआधी १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुपला सोरेनसन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून भंगार सामानाचं मैदान उभं राहिलं होतं. सोरेनसन यांनी त्याआधी नीटनेटकी मैदानं केली होती, आणि मुलं ती सोडून बांधकामाच्या जागी खेळताना दिसत होती.

फक्त रेल्वेचे जुने स्लीपर आणू नका, त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते विषारी डांबरी तेल, चोपडलेलं असतं. रंगवलेलं जुनं लाकूडही नको.

---

चिखलपाय

धागा वर काढतोय, सात महिने झाले.

समिती फुटली. निम्म्यांना रबरच हवं होतं. शेवटी तह असा झाला की मैदानाचा एक तृतीयांश भाग आम्हाला, बाकीचं आहे तसं, रबराचा निर्णय वर्षभर पुढे. मला तेव्हा हार वाटली होती. आता वाटतं, सगळं एकदम मिळालं असतं तर आम्ही दोनशे रोपंच लावली असती.

झालं काय: तिन्ही झाडं मोकळी केली, एकाला फळ्यांचा ओटा. वाट झाली, १.८ मीटर रुंद, फिरून परत येणारी. टेकडी छोटी आहे. टेबलवाळू आहे. चाकांचीसखीताई, टेबलाची उंची तीनदा चुकली, चौथ्यांदा एका मुलीला खुर्चीसकट समोर बसवून खूण केली. दारात काकांचा दगडी पट्टा आणि नळ. मोजपट्टींच्या परीक्षेत तासाला तीन सेंटीमीटर उतरलं, म्हणून साधाच खळगा खोदला. वाहून जाणारं पाणी कुंपणालगतच्या झुडपांकडे वळवलं होतं.

'होतं' अशासाठी, की परवा पहिला मोठा पाऊस झाला. खळगा भरला, वाहिला, आणि पाणी भलतीकडेच निघालं. जाऊन पाहिलं तर मुलांनी आधीच्या आठवड्यात सात-आठ मीटरचा पाट खणून ठेवला होता, खळग्यापासून ओट्याच्या झाडापर्यंत, मध्ये दगडांचे दोन बांध आणि फांदीचा पूल. फाटकाजवळ पाणी होतं, पण बोटभरच.

---

मोजपट्टी

तो पाट इमारतीपासून लांब आहे ना? असेल तर बुजवू नका. पुढच्या पावसात फोटो टाका.

---

चिखलपाय

लांब आहे. काल बुजवायला गेलो होतो खरा, पण फावडं सापडेना. ते सध्या दुसऱ्या पाटाच्या कामावर आहे म्हणे.